रोमचा बिनतोटीचा नळ

शालिक, तुझं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माणूस गेला की त्याच्याबरोबर त्याची भांडणंही मिटली, असं लोक धरून चालतात. तुझ्या तेरवीच्या मांडवात जो तो म्हणत होता, शालिक कधी कोणाशी भांडला नाही. मी मान खाली घालून ऐकत होतो. माझ्याशी तू सहा वर्षं भांडत होतास, एकाच गोष्टीवरून. आणि ती गोष्ट आपल्या जिल्ह्यातली नव्हतीच. ती होती रोमच्या एका गल्लीतली.

मी लाखनीचा. बाबांचा हायवेला लागून छोटा छापखाना. लग्नपत्रिका पोटासाठी आणि पत्रकं जिवासाठी, असं ते म्हणायचे. मजुरीचं पत्रक, पाणवठ्याचं पत्रक, सभेचं, मोर्चाचं. ओल्या शाईचे कागद वाळवता वाळवता मी वाचायला शिकलो. घरातल्या कोणाच्या नावाआधी मला 'बंधुभगिनींनो' वाचता यायला लागलं. सुटीत मामाकडे यायचो, ते तुझ्या गावी. मामाची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, तलावापासून सर्वांत लांब, पाटाच्या शेवटाला. बौद्धवाड्यातल्या सगळ्यांच्याच बांध्या तिकडे. आणि तू पाणकराचा मुलगा. गावतलावाचं पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचं, हे ज्याच्या हातात, तो तुझा बाप.

पाण्याच्या एका टोकाला तू होतास आणि दुसऱ्या टोकाला मी. मैत्री कशी झाली, ते आता आठवत नाही. मासे धरताना झाली असावी.

तुमच्या ओसरीच्या कोनाड्यात माझा एक जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, गिलास असायचा. तुझी माय त्यात वरून पाणी ओतायची. प्रेमानं ओतायची, सोबत गुळाचा खडाही द्यायची, हे खोटं नाही. पण वरून ओतायची. मी प्यायचो, गिलास स्वतः धुवायचो आणि कोनाड्यात पालथा घालायचो. तू तेव्हा दुसरीकडे बघत असायचास. आपण जगातल्या सगळ्या अन्यायांवर बोललो, शालिक. त्या गिलासावर कधी बोललो नाही.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. नागपूरला कॉलेजच्या फलकावर कागद लागला की इटलीत विद्यार्थ्यांचं श्रमशिबिर आहे, येण्याजाण्याचं तिकीट शिबिरवाले देणार. तू शेतकी कॉलेजात, मी आर्ट्सला. मुलाखतीत तुला विचारलं, श्रमाचा अनुभव काय? तू म्हणालास, दरवर्षी उन्हाळ्यात तलावाची पाळ बांधतो. मी समतेवर बोललो. ते मला थांबवू शकले नाहीत, म्हणून त्यांनी मला निवडलं असावं.

पाठीवरच्या पिशव्या कुठून आणायच्या? नागपुरात मिळत होत्या, पण त्यांच्या किमती ऐकून आपण दुकानाची पायरी उतरलो. लाखनीला ट्रकांच्या ताडपत्र्या शिवणारे एक चाचा होते. तू त्यांना जमिनीवर कोळशानं चित्र काढून दाखवलंस. त्यांनी दोन पिशव्या शिवून दिल्या. कडांना ट्रकवाल्यांची दोरी ओवायची भोकं तशीच ठेवली.

"कायले ठेवली चाचा भोकं?" तू विचारलंस.

"बेटा, माल हिलना नहीं चाहिए," ते म्हणाले.

रोमच्या स्टेशनवर आपल्याच शिबिराला आलेला, सोनेरी दाढीचा एक हॉलंडचा पोरगा ती पिशवी उलटीपालटी करून बघत होता. कुठे मिळाली, म्हणून त्यानं विचारलं. तू अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलंस, "लाखनी. व्हेरी फेमस." त्यानं ते नाव लिहूनही घेतलं. तो हॉलंडवाला कधी लाखनीच्या स्टँडवर उतरेल, म्हणून आपण पुढे किती दिवस हसत होतो.

शिबिरात तीन आठवडे डोंगरातल्या एका गावचे गाळानं भरलेले पाट उपसले. तुला घरच्यासारखंच वाटत होतं. बाकीच्या पोरांच्या हाताला फोड आले, तू फावडं कसं धरायचं ते त्यांना दाखवत फिरलास. मग विमानाला काही दिवस उरले आणि आपण खिशात जे होतं ते घेऊन रोमला आलो. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात एका खोलीत आठ-दहा खाटा. खाली सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. तुझ्या मायनं दिलेले तांदूळ तू तिथे शिजवलेस, पेज काढून वाटीत घेतलीस, मीठ टाकलंस आणि जवसाच्या चटणीबरोबर एका स्पॅनिश मुलीला प्यायला दिलीस. तिनं ती संपवली. शिष्टाचार म्हणून की भूक म्हणून, देव जाणे. तू म्हणालास, "पाह्य, आपली पेज चालते इकडं."

रोममध्ये मी फार रागात होतो. प्रत्येक कमान, प्रत्येक खांब मला गुलामांच्या पाठीवर उभा दिसायचा. त्या मोठ्या गोल रंगमंडलासमोर मी पायरीवर उभा राहून त्या हॉलंडवाल्याला आणि त्याच्या मित्रांना सुनावलं की इथे माणसं मरताना पाहायला माणसं यायची आणि तुम्ही इथे फोटो काढता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एकानं माझाच फोटो काढला. तू बाजूला बसून पाव खात होतास.

"झालं?" तू विचारलंस. "आता पाह्यतं का?"

"काय पाहू? गुलामांनी बांधलं हे."

"मंग त्याहीच्यासाठीच पाह्य ना. राजानं काय केलं? हुकूम सोडला. दगड कोनी बसवला? एवढा नेटका बसवला अन् तू त्याच्याकडं पाठ करून भाषण देऊन राह्यला."

राजवाड्यातल्या संग्रहालयात मी तत्त्व म्हणून गेलो नाही, दारात बसून राहिलो. तू आत गेलास. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय होतं? तू मान चोळत म्हणालास, "सारं छताले चिकटवलं आहे. तुह्यासारख्यानं पाह्यलं असतं तं मान तरी वाकली असती, मांगं का होईना."

आणि मग ती गल्ली. दुपारची वेळ, ऊन आपल्याकडच्यासारखंच. भिंतीच्या कडेला कमरेएवढा एक लोखंडी खांब, त्याला खाली वाकलेली नळी आणि नळीतून पाण्याची धार. खाली जाळी, धार सरळ जाळीत. भांडं नाही, बादली नाही, माणूस नाही. तू थांबलास. खांबाभोवती फिरून तोटी शोधलीस. तोटी नव्हतीच.

"कोन पानकर आहे इथचा?" तू म्हणालास. "झोपला काय?"

मी म्हटलं, चल, आपलं काय जातं. पण तुझे पाय हलेनात. आपल्याकडे तलावाच्या पाण्यासाठी लोक बांधावर भांडतात, आणि इथे भरदुपारी गटारात चाललेली धार पाणकराच्या पोरानं बघत उभं राहायचं? तू म्हणालास, नळ बिघडला असन, कोनाच्या ध्यानात नाही आलं. तू खांद्यावरचा दुपट्टा काढलास. बूच करायला आत काहीतरी कडक हवं होतं. माझ्या पिशवीत जातीविरुद्धच्या पत्रकांचा गठ्ठा होता, मुद्दाम इंग्रजीत छापून आणलेला. युरोपभर वाटणार होतो, कोणी घेत नव्हतं. त्यातली मूठभर तू काढलीस, गुंडाळलीस, दुपट्ट्यात बांधलीस आणि तलावाचं तोंड बुजवावं तशी अंगठ्यानं दाबून नळीत ठोकलीस.

धार थांबली. तू समाधानानं माझ्याकडे पाहिलंस. आणि त्या नळीच्या पाठीवर एक बारीक भोक होतं, त्यातून पाणी कारंज्यासारखं उसळलं आणि थेट माझ्या तोंडावर आलं.

समोरच्या दारातून भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी ओरडत आली. शब्द कळत नव्हते, पण आपल्या गावची म्हातारी असती तर हेच बोलली असती, एवढं कळत होतं. मग तिनं तुझं बूच पाहिलं, भिजलेला मी पाहिला, आणि पिशवी खाली ठेवून पोट धरून हसायला लागली. तिनं बूच ओढून काढलं, तुझा हात धरला, तुझा तळहात नळीच्या तोंडाला लावला आणि वरच्या भोकातून येणाऱ्या धारेकडे बोट दाखवलं. मग ओठांकडे. ते भोक पिण्यासाठीच केलेलं होतं. खाली कोणीतरी हात लावायचा, वर दुसऱ्यानं प्यायचं.

तू हात तसाच धरून ठेवलास आणि म्हणालास, "पी बे."

मी प्यालो. शालिक, तोवर घराबाहेर मला कोणी पाणी दिलं, तर ते वरून दिलं होतं. हे खालून वर आलं आणि माझ्या तोंडाशी थांबलं. तुझ्या मनगटावरून ओघळ चालला होता आणि तू हात हलवत नव्हतास. मग मी हात लावला आणि तू प्यालास. त्या क्षणी तुला तो कोनाड्यातला गिलास आठवला होता का? मला आठवला होता. विचारायचं होतं. सहा वर्षं विचारायचं होतं.

तू ओली पत्रकं पिळत म्हणालास, "तुह्या पत्रकाचा आज पयल्यांदा काही उपेग झाला, पत्रकराव."

भांडण तिथेच सुरू झालं, खांबाच्या सावलीत.

"पाह्यलं?" मी म्हणालो. "ना तोटी, ना राखनदार. तू कोनाचा, म्हनून कोनी इचारत नाही. पानी असं पाह्यजे."

"असं वाया?"

"वाया नाही, मोकळं."

"मोकळं सोडलं का ज्याची बांधी जवळ त्याचीच भरते. वाटा लावून द्यायचा तं कोनाचा तरी हात पाह्यजेच तिथं."

"हात तं होताच ना तुह्या बापाचा," मी म्हणालो. "आधी कोनाची बांधी भरली त्यानं? माह्या मामाची?"

तू ओला दुपट्टा पिशवीच्या भोकांना बांधलास आणि चालायला लागलास. मी जिंकलो, असं मला वाटलं होतं.

शेवटची परीक्षा देऊन तू गावी परत आलास तेव्हा तुझ्या बापाची नजर गेलेली होती. शेतकीची पदवी घेतलेला मुलगा नोकरीचे अर्ज सोडून तुडुमावर बसला. तुडुम म्हणजे तलावाच्या पाळीतलं पाणी सोडायचं तोंड, त्याचं लाकडी बूच काढायला छातीभर पाण्यात उतरावं लागतं. नातेवाईक म्हणायचे, रोम पाहून आला अन् जळवा मोजत बसला. तू हसायचास. पहिल्या वर्षी जुन्या रीतीनं पाणी दिलंस, आधी वरच्या बांध्या, मग मधल्या, उरलं तर शेवटच्या. दुसऱ्या वर्षी पावसानं ओढ दिली आणि तू रीत उलटी केलीस. पाट आधी थेट शेवटापर्यंत नेलास. मामाची बांधी सर्वांत आधी भरली.

वरच्या बांध्या वामनकाकांच्या. ते पाळीवर आले तेव्हा मी तिथे होतो.

"शालिकराव, तुमच्या बापानं असं कधी केलं नाही."

"काका, पाट तुमच्या उशालेच आहे," तू पाण्यातून म्हणालास. "पानी खालपरेंत न्यायचं तं तुमच्या बांधावरूनच जाते. तुम्हाले कोन कोरडं ठेवते? खालची भरली का माह्या हातानं तुमची भरून देतो. नाही भरली तं मले धरून आना चावडीवर."

तू ती भरून दिलीस. दरवर्षी दिलीस. गंमत अशी की पाटातला गाळ आता वामनकाकाच सर्वांआधी काढायला लागले. पाट तुंबला तर खालच्यांचं भरणार नाही, आणि खालच्यांचं भरल्याशिवाय त्यांचं भरणार नाही.

मला हर्ष झाला. रोममधल्या माझ्या प्रश्नाचं हे उत्तर होतं, पण तू ते कधी तसं म्हणाला नाहीस. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. तुझं नाव, गावाचं नाव, शेवटच्या बांधीला पहिलं पाणी. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून कच्चा छाप घेऊन तुझ्याकडे आलो. तू पाळीवर बसून वाचलंस आणि परत दिलंस.

"छापू नको."

"काहून? भेतं काय?"

"छापलं का वामनकाका हारले असं होईन. आता त्याहीले वाटते, त्याहीनंच सोडलं पानी. वाटू दे ना."

"त्यांच्या वाटण्यावर हक्क उभा राहत नाही," मी म्हणालो, पुस्तकी मराठीत, रागात असलो की बोलतो तसा. "लिहून ठेवलं नाही तर तुझ्यामागं हे टिकणार नाही."

"मी कुठं चाललो?" तू म्हणालास.

पोळा होऊन आठवडा झाला असेल. ताप आला, मेंदूत गेला आणि तू गेलास. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तुझ्या उशाशी बसलो होतो, तेव्हा तू पाण्याबद्दलच बरळत होतास. एवढंच.

आणि पाहा, शालिक, मी म्हणालो होतो तसंच झालं. धान पोटरीत आलं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, पाऊस पळाला, तुडुम उघडायची वेळ आली आणि चावडीवर वामनकाका म्हणाले, "शालिक होता तं ते चाललं. आता जुनी रीत बरी." ते वाईट माणूस नाहीत. तुझ्या प्रेताला त्यांनी खांदा दिला. पण तू नव्हतास आणि कागदावर काही नव्हतं. मामा कोपऱ्यात उभा होता. त्याच्या बांधीला भेगा पडायला लागल्या होत्या.

मी बोललो. फार बोललो. हक्क, न्याय, सगळं. तुझी माय दाराशी बसून ऐकत होती. शेवटी वामनकाकांनी तंबाखू मळता मळता म्हटलं, "पत्रकवाले, एवढा जीव आहे तं तुम्हीच बसा ना तुडुमावर. जळवा लागल्या का दोन रोजात लाखनीची गाडी धरसान."

लोक हसले. मी म्हटलं, बसतो. हसणं थांबलं. आमच्या बौद्धवाड्यातल्या कोणी त्या बुचाला कधी हात लावला नव्हता, हे तेव्हा सगळ्यांच्याच ध्यानात आलं. वामनकाकांच्याही. त्यांचा तळहात मळता मळता थांबला. पण शब्द बाहेर गेला होता, आणि शब्द मागं घेण्यातले ते नाहीत. "या सालापुरतं," ते म्हणाले.

काल सकाळी मी पाण्यात उतरलो. तुझा तो ताडपत्रीचा थैला पाळीवर ठेवला होता, तुझ्या मायनं दिलेला. बूच फुगून बसलं होतं. मी ओढत राहिलो आणि ते एकदम सुटलं तसा पाण्याचा लोट सगळा अंगावर आला. नाकातोंडात पाणी गेलं. मी सवयीनं वर पाहिलं, तू हसतोस की काय म्हणून. वर फक्त थैला होता.

पाण्याबरोबर पाटाच्या कडेनं चालत गेलो. वामनकाकांच्या बांधावरून, मधल्या शेतांवरून, शेवटपर्यंत. मामाच्या बांधीत पाणी शिरलं तेव्हा भेगा आधी आवाज करत प्यायल्या, मग गप्प झाल्या. आज वामनकाकांची भरायची आहे. माझ्या हातानं. तो तुझा शब्द आहे, मी मोडणार नाही.

परत पाळीवर आलो तर तुझी माय येत होती. हातात पितळी गडवा. मी पायाच्या पिंडरीला लागलेल्या जळवा काढत होतो. ती बाजूला बसली. 

"पी ना बाबू," ती म्हणाली. "पानकरानं कोरड्या घशानं नाही बसू."

मी सवयीनं ओंजळ धरली. ती ओतेना. गडवा तसाच माझ्यापुढे धरलेला.

"तोंड लावू काय, माय?"

"मंग काय वरून वतत बसू? हात दुखून राह्यले माह्ये."

मी तोंड लावून प्यालो. ती पदरानं डोळे पुसत उठली आणि गडवा तिथेच ठेवून घरी गेली.

हे सगळं मी छापतो आहे, शालिक. तू नको म्हणाला होतास. वामनकाका वाचतील आणि त्यांना हरल्यासारखं वाटलं तर तुझं खरं ठरेल. पुढच्या साली कोणी जुनी रीत म्हटलं आणि मामानं हा कागद काढून दाखवला तर माझं. हे भांडण मी मिटवत नाही. मिटलं तर मग मी कोणाशी बोलू?

गडव्याच्या तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. फेकायला हात वळला आणि थांबला. मग खाली वाकून मी ते पाटात ओतलं. ते तिकडे, शेवटच्या बांधीकडे गेलं. याला वाया म्हणायचं की मोकळं, ते सांगायला तू हवा होतास.